बिनसावलीच्या पाहुण्याचा शेवट

१

दसऱ्याच्या सकाळी माणिकराव वकिलांनी अंगावर पहिला तांब्या ओतला न ओतला तोच भुजंगराव टॉकीजवाला दारात येऊन ओरडला, "वकीलसाहेब, माझा डबा मुकाट्यानं परत करा!"

सणाचा दिवस, अंगावर ओला पंचा आणि समोर अख्खी गल्ली. माणिकरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भुजंगरावाच्या मागं पोलिसांचे अमीनसाहेब, त्यांच्यामागं दोन शिपाई आणि त्यांच्यामागं जेवढं रिकामटेकडं हिंगोली होतं तेवढं सगळं.

"कसला डबा?"

"सिनेमाचा! शेवटचा, ज्यात खुनी सापडतो तो. काल खंडेनवमीला डब्यांची पूजा मांडली. आज बघतो तर नेमका तोच गायब. तुमच्याबिगर कोन नेनार?"

"म्या काहून नेऊ?"

"कळमनुरीला माझ्या तंबूत उभं राहून तुमीच आरडले ना, हा शेवट पुन्हा कुठं दावू देनार न्हाई म्हनून? सारा तंबू ऐकून राहिला व्हता."

आरडले होते, हे खरं. आणि का आरडले ते सांगायला माणिकराव मोकळे नव्हते, हाच तर सगळा वैताग होता.

वीसेक वर्षांपूर्वी कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी 'बिनसावलीचा पाहुणा' नावाची रहस्यकादंबरी लिहिली. जहागीरदाराकडं उतरलेला पाहुणा सकाळी मरून पडलेला सापडतो, संशय घरभर फिरतो आणि शेवटच्या प्रकरणात कळतं की ज्यांना सगळे देवमाणूस म्हणत ते घरचे वैद्यबुवाच खुनी. चाटणातून विष दिलेलं. पुस्तक असं काही चाललं, की ज्याला वाचता येत होतं त्यानं वाचलं आणि ज्याला येत नव्हतं त्यानं दुसऱ्याकडून वाचून घेतलं. इथवर ठीक होतं. मग सिनेमावाले आले.

आधी मुका सिनेमा निघाला. त्यात खुनी मुनीम. का, तर वैद्याचं काम करणारा नट डायरेक्टरचा मेहुणा होता आणि त्याला लोकांत वाईट दिसायचं नव्हतं. माणिकरावांनी कपाळाला हात लावला. आता बोलपट निघाला होता, आणि त्यात खुनी केला होता वकील! चष्मा लावणारा, तपकीर ओढणारा आणि वाक्यावाक्याला खोकणारा वकील. हिंगोलीत खोकणारा वकील एकच होता. हा सिनेमा इथं दाखवल्यावर कोण आपली कागदं त्याच्या हातात देणार होतं?

बरं, हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. शेवट फुटू नये म्हणून भुजंगरावानं नामी युक्ती काढली होती. तंबूच्या दारात त्याचा माणूस मसाजी प्रत्येकाच्या, माणिकरावांच्याही, तळहातावर खंडोबाचा भंडारा ठेवायचा आणि शेवट बाहेर न सांगण्याची शपथ घ्यायला लावायचा. माणिकरावांच्या डोळ्यांत डोळे घालून कोर्टात खोटं बोलणारी माणसं भंडाऱ्याची शपथ मात्र मोडत नसत. त्यामुळं कळमनुरीला सिनेमा बघितलेल्यांपैकी एकानंही हिंगोलीत तोंड उघडलं नव्हतं. उलट भुजंगरावाची जाहिरात हलगीवर गावभर चालली होती, 'बुकात हाय तसंच्या तसं!' ते ऐकलं की माणिकरावांचा खोकला दुप्पट व्हायचा.

अमीनसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "वकीलसाब, शाम के खेल तलक डब्बा मिला तो मिला. नै तो आपकू मेरे साथ चलना पडता. फिर आपकी सनद का क्या होता, वो आपीच सोचो."

माणिकराव उत्तर द्यायला गेले आणि खोकत सुटले. आतून त्यांच्या बायकोचा, नर्मदाबाईंचा, आवाज आला, "आधी अंग पुसा. तुरुंगात जायचं तर कोरड्या अंगानं जा."

२

दसऱ्याच्या मैदानावर पाळणे, रेवड्यांची दुकानं आणि गर्दी यांच्यामध्ये भुजंगरावाचा तंबू होता. आत मशीन, आणि मशीनपुढं पाटावर पांढरं फडकं घालून सिनेमाचे डबे ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर कुंकवाचं बोट, प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल. शेवटची जागा रिकामी.

"शेवटच्याला लाल दोरी बांधलेली असती," ऑपरेटर प्रेमसिंग म्हणाला. "अंधारात चूक व्हायला नको म्हनून."

माणिकराव वाकले. शेजारच्या डब्यावर एकाऐवजी दोन फुलं होती. चोरानं डबा नेला, पण त्याच्यावरचं फूल खाली पडू न देता शेजारी नीट ठेवलं होतं. आणि रिकाम्या जागेवर मिऱ्यांएवढे काळपट दाणे विखुरलेले होते.

"बकरी की लेंड्या," अमीनसाहेब नाक मुरडून म्हणाले आणि बाहेर रेवड्यांकडं निघून गेले.

माणिकरावांनी दोन दाणे चिमटीत धरले, कोटाच्या खिशात टाकले आणि प्रेमसिंगकडं वळले. "काल रात्री राखण कोन करत व्हतं?"

"कोनीच न्हाई. खंडेनवमीला हत्याराला इसावा असतो, साहेब. तांड्यावर आमचा बाप कुऱ्हाडीला बी हात लावत न्हाई. पूजेतल्या वस्तूला कोन हात लावतंय? म्हनून आमी निवांत व्हतो."

"तुला दसऱ्याला तांड्यावर जायचं व्हतं म्हने."

"व्हय. मालकानं सुट्टी देली न्हाई. माय वाट बघून राहिली असंल." प्रेमसिंगनं मालकाकडं असं बघितलं की भुजंगराव दोन पावलं मागं सरकला. "पन म्या डबा न्हाई नेला."

"मग हा मसाजी?" भुजंगराव म्हणाला. "याला इचारा. याचा बोलपटावर आधीपासनं राग हाय."

मसाजी दाराशी भंडाऱ्याची वाटी घेऊन बसला होता. मुक्या सिनेमाच्या काळात हाच पडद्याशेजारी उभा राहून लोकांना गोष्ट सांगायचा. रडायचा, हसायचा, घोड्याच्या टापा तोंडानं काढायचा.

"राग हाय, न्हाई कशाला म्हनू?" तो म्हणाला. "पडदा बोलाया लागला अन् माझं तोंड बंद झालं. पन डबा नेऊन म्या काय करू? काल पल्याडच्या आळीत बोकड पडला व्हता, तिथं जेवाया गेलो. परत आलो अन् दारात आडवा झालो. डबा गेला ते ब्येस झालं! शेवट म्या सांगतो की उभा राहून. टापांसकट सांगतो."

"टापा न्हाईत त्यात!" भुजंगराव ओरडला.

"घालू की!"

माणिकरावांनी हात टेकले. आपल्या गोष्टीत आता घोडेही घुसणार, एवढंच व्हायचं राहिलं होतं. ते तंबूबाहेर पडले. बाहेर पोरंटोरं त्यांच्याकडं बोट दाखवून सांगत होती की यांनीच गोष्ट लिहिली आणि यांनीच चोरली.

३

घरी आल्यावर त्यांनी झोपाळ्यावर अंग टाकलं आणि तिरसटासारखा विचार सुरू केला. पुस्तकात त्यांचा गुप्तहेर अशा वेळी शांतपणे हसायचा. माणिकरावांना हसू येत नव्हतं.

खेळ बंद पाडायचा असता तर चोरानं पहिला डबा नेला असता. पहिला नसला की खेळ सुरूच होत नाही. प्रेमसिंगला सुट्टी हवी होती, मसाजीला सूड हवा होता. दोघांचंही काम पहिल्या डब्यानं झालं असतं. मुद्दाम लाल दोरीचा, शेवटचा डबा उचलला, म्हणजे चोराला फक्त शेवट नको होता.

मग शेवट कुणाला नको होता? सिनेमाचा शेवट माहीत असलेल्यांपैकी तो नकोसा असलेला माणूस एकच, तो म्हणजे माणिकराव स्वतः. आणि आपण तो चोरलेला नाही, एवढं तरी त्यांना नक्की ठाऊक होतं.

"दूध उतू जाईल, जरा बघा!" नर्मदाबाई आतून ओरडल्या.

नातवासाठी चुलीवर दूध ठेवलं होतं. माणिकराव चरफडत स्वयंपाकघरात गेले आणि पातेल्यात डोकावले. दुधात काळपट दाणे वरखाली होत होते. त्यांनी खिशातले दोन दाणे काढून तळहातावर धरले.

"हे काय गं?"

"वावडिंग. लेकराच्या पोटाला बरं असतं. तुमच्या खिशात कुठून आलं?" नर्मदाबाईंनी दाणा दाताखाली चावून बघितला. "वावडिंगच. तुमाला औषध घ्यायचंय तर सरळ तातेराव वैद्याकडं जा ना. केवढ्या दिवसांचा खोकला अंगावर काढून राहिलात. वीस वर्षं बोलत न्हाई म्हनून काय मरायचं?"

माणिकराव पुढचं ऐकत नव्हते. पूजेतली वस्तू उचलण्याआधी माणूस काय करतो? पाटावर अक्षता टाकतो, हात जोडतो आणि मगच ती हलवतो. फूल शेजारच्या डब्यावर ठेवणाऱ्या माणसाला हे चुकवणं जमलं नसणार. अंधारात त्यानं अक्षतांसाठी खिसा चाचपला. तांदूळ नव्हते. जे होतं ते चिमूटभर टाकलं.

खिशात वावडिंग घेऊन कोण फिरतं?

आणि एकदम दुसरी गाठही सुटली. चोरानं सिनेमा बघितलेलाच नव्हता. त्यानं फक्त पुस्तक वाचलं होतं आणि हलगी ऐकली होती, 'बुकात हाय तसंच्या तसं!' सिनेमाचा शेवट काय आहे ते त्याला माहीतच नव्हतं. त्याला पुस्तकाचा शेवट नको होता.

चोर कोण ते माणिकरावांना कळलं. वीस वर्षांपूर्वी त्यांनी पुस्तकात त्यालाच फासावर चढवलं होतं.

४

मंगळवारा आळीत तातेराव वैद्यांच्या परसात शिरलं की आधी काढ्यांचा वास यायचा. आज पापडखाराचा येत होता. तातेराव एका मोठ्या पातेल्यापाशी उकिडवे बसले होते. पातेल्यात कढत पाणी आणि त्यात गुंडाळ्याच्या गुंडाळ्या सिनेमाची पट्टी. बाजूला लाल दोरी पडलेली.

"वावडिंग सांडून आलास," माणिकराव म्हणाले. दोघांमधलं वीस वर्षांतलं हे पहिलं वाक्य होतं.

तातेराव दचकले नाहीत. "अक्षता नव्हत्या. पूजेतली वस्तू तशीच कशी उचलू?"

"चोरी करायला गेलास अन् विसर्जन करून आलास! अरे, काय डोकं-बिकं हाय का तुला? मला बेड्या पडायची येळ आली!"

"पडू दे!" तातेराव उठून उभे राहिले. "मान्या, तुझं बुक आल्यापासून या गावात एकानं तरी माझं चाटन सरळ घेतलं का? 'वैद्यबुवा, पयले तुमी चाटा.' खोकल्याचं असो का जुलाबाचं, पयले मी! रोज सगळ्या गावाची औषधं मी खाऊन राहिलो. माझ्या पोटाचं काय झालं असंल, कधी इचार केला? बाया तापलेली लेकरं घेऊन वाशीमला जातात, पन इथं येत न्हाईत."

"ती गोष्ट हाय, तात्या. मनानं रचलेली. लोक बिनडोक हायत त्याला मी काय करू? अन् लिहिलं तेव्हा पयल्यांदा तुलाच वाचून दाखवलं व्हतं. तू टाळ्या वाजवल्या."

"वाजवल्या! मला काय ठावं लोक मलाच धरतील?" तातेराव पुन्हा खाली बसले. "मुका सिनेमा आला, त्यात मुनीम निघाला, तवा जरा बरे दिस गेले. आता परवा मसाजी माझ्याच दारापुढं हलगी बडवून गेला. आता पडदा सोता बोलनार. बुक वाचनारे मूठभर, हे बघनारी सारी जत्रा. मग या गावात राहायचं कसं?"

माणिकरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

"खंडोबा, माफ कर बाबा," ते म्हणाले. "अरे गाढवा, बुकात हाय तसं काहीएक न्हाई त्यात. सिनेमात खून वैद्य करत न्हाई. वकील करतो. चष्मेवाला, खोकनारा वकील!"

तातेरावांच्या हातातली पळी पाण्यात पडली. त्यांनी घाईघाईनं पट्टीचं टोक उचललं आणि उजेडाकडं धरलं. काचेसारखी आरपार होती ती. चित्रं सगळी पापडखारात धुऊन गेली होती. वैद्याला निर्दोष सोडणारा हाताशी असलेला एकमेव पुरावा वैद्यानं स्वतःच्या हातानं उकळून टाकला होता.

"आता?" तातेराव म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

आता काय, ते माणिकरावांना स्पष्ट दिसत होतं. अमीनसाहेबांना खरं सांगितलं तर तातेराव उद्या कोठडीत, आणि गाव म्हणणार, बघा, बुकात लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. नाही सांगितलं तर आपण कोठडीत. आणि खेळ शेवटाविना सोडला, तर प्रत्येक जण बुकातला शेवट आठवून घरी जाणार.

"तुझ्यापायी," माणिकराव दात-ओठ खात म्हणाले, "मला मसाजीचा धंदा करावा लागून राहिला."

५

"डबा पाण्यात पडून बाद झाला," त्यांनी भुजंगरावाला सांगितलं. "कसा पडला ते इचारू नका. नव्या डब्याचे पैसे माझ्याकडं लागले. फिर्याद मागं घ्या. आज शेवट मी सांगतो, पडद्यापुढं उभं राहून."

भुजंगरावाचे डोळे लकाकले. "लेखक सोता? मसाज्या, घे हलगी!" मग त्याला शंका आली. "पन सांगनार कोनता? सिनेमातला का बुकातला?"

"सांगीन तो ऐका," माणिकराव खेकसले.

खरं म्हणजे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं. सीमोल्लंघन करून लोक आपट्याची पानं वाटत मैदानावर परतले, तंबू गच्च भरला, आणि पडद्यावर माणिकरावांचा पाहुणा मेला. पुढं तासभर ते दातांवर दात दाबून बसले. मुका सिनेमा निघाल्यापासून ज्याला त्याला सांगून घसा बसला होता की माझा शेवट बिघडवला, माझा शेवट बिघडवला. आज सारं गाव समोर बसलं होतं आणि शेवट त्यांच्या हातात होता. बुकातला सांगितला तर लेखक जिंकत होता, वकिलाची अब्रूही राहत होती. जाणार होता तो फक्त तातेराव. तंबूच्या अगदी मागं, कनातीला टेकून तो उभा होता.

पट्टी संपली. पडदा पांढरा झाला. माणिकराव पुढं आले.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. सांगणं त्यांना येत होतं, कोर्टात त्यावरच पोट चालत होतं. गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो. दार लावून घेतो. एकेकापुढून चालत जातो.

"अन् तो थांबला," माणिकराव म्हणाले, "खुन्याच्या समोर. बोट रोखलं, अन् म्हनला, पाहुन्याला मारनारा तू..."

आणि नेमका तिथं खोकला आला.

साधासुधा नव्हे. ते वाकले, डोळ्यांतून पाणी आलं, शब्द फुटेना. "कोन? कोन?" लोक ओरडू लागले. "वैद्य! बुकात वैद्यच हाय!" कुणीतरी आपली अक्कल पाजळली, आणि सगळ्या माना वळून मागं कनातीकडं बघू लागल्या.

तातेराव गर्दीतून वाट काढत पुढं आले. खिशातून पानाची पुडी काढली, उलगडली आणि माणिकरावांपुढं धरली. पानावर काळपट चाटण होतं.

तंबूत कुजबुज झाली. "घेऊ नका, वकीलसाहेब!" एक म्हातारा ओरडला. "पयले वैद्याला चाटवा!" आणि लोक हसले. तातेरावांचा हात सवयीनं पुडीकडं गेला. बोटावर चाटण घेऊन ते स्वतःच्या तोंडाशी नेऊ लागले. त्या हालचालीतली सवय माणिकरावांनी बघितली, आणि त्यांना लोकांचा, सिनेमावाल्यांचा आणि स्वतःचा असा काही संताप आला की त्यांनी तातेरावांचं मनगट धरून खाली केलं, पुडी हिसकावून घेतली आणि साऱ्या गावादेखत पान जिभेनं स्वच्छ करून टाकलं.

भयंकर कडू होतं. पण घसा मोकळा झाला.

"खून," माणिकराव खणखणीत आवाजात म्हणाले, "वकिलानं केला. चष्मा लावनाऱ्या, तपकीर ओढनाऱ्या, खोकनाऱ्या वकिलानं. बिचाऱ्या वैद्यानं तर पाहुन्याला वाचवायची शिकस्त केली. देवमानूस व्हता तो, अन् शेवटपर्यंत देवमानूसच राहिला."

शिट्ट्या, टाळ्या, हशा. "आपल्याच वकिलानं!" मसाजीनं दारात उभ्या उभ्या घोड्याच्या टापा काढल्या आणि भुजंगरावानं या वेळी त्याला अडवलं नाही. पहिल्या रांगेत बसलेली मनकर्णाबाई, जिचा बांधाचा दावा माणिकराव लढवत होते, ती उठून म्हणाली, "वकीलसाहेब, माझी कागदं उद्याच्याला परत द्या बरं का." ती चेष्टा करत नव्हती.

लोक बाहेर पडू लागले तेव्हा एक बाई खांद्यावर झोपलेलं लेकरू घेऊन तातेरावांपाशी अडखळली. "बुवा, याला चार दिसांपासनं खोकला हाय," ती म्हणाली. तातेरावांनी दुसरी पुडी काढली आणि सवयीनं बोट बुडवायला गेले. "राहू द्या," बाई म्हणाली आणि पुडी पदराला बांधून निघून गेली. तातेराव रिकाम्या बोटाकडं बघत उभे राहिले.

तंबूत दोघंच उरले. प्रेमसिंग मशीन झाकून सरळ तांड्याच्या वाटेला लागला होता, तेही मालकाला न विचारता. माणिकराव खुर्चीत मटकन बसले. उद्यापासून काय काय ऐकावं लागणार, याचा हिशेब त्यांच्या कपाळावर आठ्यांनी मांडला होता.

तातेरावांनी खिशातून आपट्याचं पान काढलं. खिशातच राहिल्यामुळं ते चुरगळलं होतं. त्यांनी ते माणिकरावांच्या हातात दिलं.

"सोनं घे, मान्या."

माणिकरावांनी पान घेतलं. काही बोलणार तेवढ्यात तातेरावांनी आधी दाराकडं बघितलं, कुणी नाही याची खात्री केली आणि त्यांच्या कानाशी वाकले.

"एक सांगू? कोनाला बोलू नको," ते म्हणाले. "शेवट बुकातलाच बराबर व्हता. वैद्यच पायजे तिथं. सिनेमावाल्यांनी पार वाटोळं केलं बघ."